तेल लावूनही गंजणारा वस्तरा : पंचवटीतलं एक प्रकरण

जुने वस्तरे साफ करून धार लावून द्यायचा मला नाद आहे, त्यामुळे गंजलेलं पातं समोर आलं की फारसं आश्चर्य वाटत नाही. पंचवटीतल्या एका वाड्यातून आलेल्या या जोडीचं मात्र काहीतरी उलटंच होतं. घरात वस्तरे तीन. त्यातले दोन वर्षानुवर्षं तेल लावून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून, घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जपलेले. तिसरा न्हाणीघराच्या कोनाड्यात, बंबाच्या वाफेत, रोज वापरला जाणारा. गंजले होते ते डब्यातले दोन. कोनाड्यातला स्वच्छ.

मालक नाशिकरोडच्या नोटप्रेसमधून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा रामकुंडावर क्षौर करायचे. त्यांच्या धोकटीतले हे वस्तरे. मुलाचं सलून आहे, पण तिथे सगळं काम अर्ध्या ब्लेडवर चालतं. गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून घालायचं, काम झालं की टाकून द्यायचं. रोगराईच्या भीतीने हीच रीत आता सगळीकडे रुळली आहे आणि ती योग्यच आहे. अख्ख्या पात्याचा वस्तरा काका फक्त स्वतःच्या दाढीला वापरतात. डब्यातल्या दोघांपैकी एक जर्मनीतल्या सोलिंगेनचा, कासवाच्या पाठीसारख्या तपकिरी, अर्धपारदर्शक मुठीचा. आजोबांनी तो कुठल्याशा सिंहस्थात मुंबईहून मागवला होता, अशी घरात आख्यायिका. दुसरा शिंगाच्या काळ्या मुठीचा, नाव पुसलेला.

काकांचं म्हणणं थोडक्यात असं : दर उन्हाळ्यात ते डबा उघडतात, गंज पुसतात, तेल लावतात, झाकण लावतात. पुढच्या वर्षी गंज परत हजर, आणि आधीपेक्षा जास्त. "तुम्ही तेवढं चांगलं तेल सांगा," एवढीच त्यांची मागणी होती.

तेलाकडे वळण्याआधी लोखंड का गंजतं ते एकदा पाहून घेऊ, कारण पुढचा सगळा तपास त्यावरच उभा आहे. या जुन्या वस्तऱ्यांचं पोलाद साधं कार्बनचं असतं. कार्बन साधारण एक टक्का किंवा थोडा वर, क्रोमियम जवळजवळ नाही. स्टेनलेस म्हणवून घ्यायला किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं. म्हणजे या पात्याला स्वतःचं असं कवच नाही. पाणी आणि प्राणवायू एकत्र भेटले की गंज सुरू. त्यासाठी पाण्याचा थेंबही लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठेक टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो आणि काम चालू होतं. नाशिकला जुलै-ऑगस्टच्या सकाळी हा आकडा ऐंशीच्या पुढे असतो. त्यात धार म्हणजे सगळ्यांत नाजूक जागा : तिथली जाडी एक मायक्रॉनहूनही कमी, आणि माणसाचा केस साधारण पन्नास ते शंभर मायक्रॉन. पात्याच्या पाठीवर जो डाग नुसता कुरूप दिसतो, तोच धारेवर पडला तर तिथली धार गेलीच.

तेव्हा पावसाळा हा पहिला संशयित. वाड्याची भिंत मातीची, पावसात ओल धरणारी, आणि डबा त्याच भिंतीतल्या कपाटात. काकूंनी सांगितलं की त्या कपाटात ठेवलेले पापडही सादळतात. सगळं जुळत होतं. पण मग कोनाड्यातला वस्तरा का वाचला? तो तर याच घरात, याहून ओल्या जागी राहतो.

म्हणून काका त्याचं काय करतात ते मी पाहायला गेलो. दाढी झाली की ते पातं गरम पाण्यात विसळतात आणि पंच्याने पुसतात. पुसताना पंचा पाठीकडून धारेकडे ओढतात, धारेवरून आडवा कधीच नेत नाहीत. मग खिडकीच्या गजाला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर थोडा वेळ परजतात. दाढीनंतरचं हे परजणं हल्लीचे हौशी लोक विसरतात. पट्टा धार सरळ करतोच, शिवाय पंचा जिथे पोचत नाही त्या कडेवरची ओल टिपतो, आणि चामड्यातला तेलकटपणा पात्यावर जरासा उतरतो. त्यानंतर काका वस्तरा अर्धा उघडा ठेवून कोनाड्यात उभा करतात. मुठीत हवा खेळती राहते. तेलाचा थेंब नाही. याहून चांगली निगा मी सांगू शकलो नसतो. एकच गोष्ट सुचवली : तुरटी फिरवलेल्या हाताने पातं धरू नका. ओल्या तुरटीचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं आणि बोटांचे ठसे पात्यावर गंजाने उमटतात. काका म्हणाले, "वडील तुरटी डाव्या हातात घ्यायला सांगायचे. का ते आज कळलं."

आता डब्याकडे. आत जे जे होतं ते मी टेबलावर मांडलं : दोन वस्तरे, फ्लॅनेल, बुटांच्या खोक्यातून काढलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि एक खोबरेल तेलाची कुपी. खोबरेल तेल आपल्याकडे कशालाही लावतात, पण पोलादाचं ते मित्र नाही. चोवीस अंशांच्या आसपास ते थिजतं. नाशिकच्या थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय तेल निघत नाही हे घरोघरी माहीत आहे. पात्यावर ते असंच गोठतं आणि थर फाटतो. पुढे खवट झालं की त्यातली मोकळी स्निग्धाम्लं उलट धातूलाच त्रास देतात. शिलाई मशीनचं पातळ तेल कधीही बरं, कारण ते खनिज तेल. खवट होत नाही, चिकटत नाही. जपानी लोक तलवारींना कॅमेलियाच्या बियांचं तेल लावतात, पण ते दर थोड्या दिवसांनी पुसून नवं लावायची शिस्त त्यांच्याकडे आहे. फ्लॅनेलही इथे चुकीचं. मऊ म्हणून आपण ते वापरतो आणि ते सगळं तेल शोषून घेतं. पातं कोरडं, कापड तेलकट. सिलिका जेलच्या त्या पुड्या कधीच्या भरल्या होत्या; ओव्हनमध्ये तापवून त्यातलं पाणी काढल्याशिवाय त्या म्हणजे नुसते खडे.

इतक्या चुका सापडल्या की तपास इथेच संपवायचा मोह होतो. काकांचा पुतण्या अंबडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आहे. त्याने तर उपायही करून पाहिला होता. कंपनीत तयार सुटे भाग ज्या गंजरोधक कागदात बांधतात, तो व्हीसीआय कागद आणि चांगलं रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल त्याने मागच्या वर्षी आणून दिलं. या कागदातून निघणारी वाफ धातूवर बसून ओलाव्यापासून राखते. पंप आणि गिअर त्यात महिनोन्‌महिने गोदामात पडून राहतात. सोलिंगेनच्या वस्तऱ्याला तो कागद गुंडाळून, वर तेल लावून, डबा सेलोटेपने बंद केला होता. तरी गंजला. इथे माझी खोबरेलाची गोष्ट कोसळली. तेल चांगलं, कागद चांगला, डबा हवाबंद. आणि त्याच वर्षी गंज सगळ्यांत जास्त.

मग मी तेल सोडलं आणि गंज कुठे आहे तेवढंच बघत बसलो.

वस्तरा मिटला की धारेकडचा भाग मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जातो आणि पाठ बाहेर राहते. बाहेरची ओल लागली असती तर उघडी पाठ निदान तितकीच गंजायला हवी. सोलिंगेनवर नेमकं उलट होतं. पाठ जवळजवळ चकचकीत, आणि मुठीत लपणारा भाग दोन्ही बाजूंनी तांबूस-काळा, खडबडीत. गंजाची कड सरळ रेषेत संपत होती. मुठीची कडा जिथे येते तिथेच. आता हेच चित्र दुसऱ्या कारणानेही येतं : ओला वस्तरा मिटून ठेवला तर पाणी मुठीत अडकतं. नव्या हौशी लोकांकडून येणारे बहुतेक वस्तरे असेच मेलेले असतात. पण या वस्तऱ्याने आजोबांनंतर कुणाची दाढी केलेली नव्हती. त्याच्यात पाणी शिरायचं कारणच नव्हतं.

पाठीवर फक्त दोन डाग होते, बोटाच्या टोकाएवढे, बऱ्यापैकी गोल. त्यांनी मला बराच वेळ चकवलं. उलगडा काकूंनी केला : खंडेनवमीला धोकटीतली सगळी हत्यारं देवापुढे मांडतात आणि ओलं हळद-कुंकू लावतात. ते तसंच सुकू देतात. म्हणजे हा साध्या ओलाव्याचा गंज, मुठीतल्या गंजाशी त्याचं नातं नाही. बाजूला काढला.

दुसरा पुरावा शिंगाच्या मुठीच्या वस्तऱ्याने दिला. त्याची एकच बाजू गंजली होती. डब्यात वस्तरे कसे ठेवता, म्हणून काकांना ठेवून दाखवायला सांगितलं. गंजलेली बाजू सोलिंगेनच्या मुठीला लागून होती.

आणि तिसरा पुरावा नाकाला. डबा उघडला की कापराचा वास यायचा, मागून एक झोंबरा आंबूसपणा. काकांना वाटायचं, कसर लागू नये म्हणून काकू कापूर टाकतात. काकू म्हणाल्या, "देवाचा कापूर मी वस्तऱ्याच्या डब्यात कशाला टाकीन?" त्यांनी खरंच टाकला नव्हता. कापूर मुठीतूनच येत होता.

ती तपकिरी मूठ कासवाच्या कवचाची नव्हतीच. ते सेल्युलॉइड होतं. कापसाच्या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून सेल्युलोज नायट्रेट करायचं आणि ते मऊ राहावं म्हणून त्यात कापूर घालायचा, ही त्याची कृती. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास ती बाजारात आणली आणि हस्तिदंत, कासवाचं कवच, शिंग यांची स्वस्त नक्कल घरोघरी पोचली : फण्या, चष्म्यांच्या फ्रेमा, टेबल टेनिसचे चेंडू, वस्तऱ्यांच्या मुठी. जुन्या सिनेमाची फिल्मही याच कुळातली. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी नाशिकमध्ये चित्रपट काढले ते या नायट्रेट फिल्मवर, आणि त्या काळातलं जगभरचं बहुतांश काम आज हाती नाही त्याचं एक मोठं कारण हा पदार्थच आहे. तो आपोआप सडतो आणि भडकन पेटतो. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला जानेवारी २००३ मध्ये आग लागली, तेव्हा आत अशाच जुन्या फिल्म होत्या.

सडताना होतं काय, तर कापूर हळूहळू उडून जातो, पदार्थ ठिसूळ होतो, आणि त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. हे आम्ल पात्याला खातंच, शिवाय मुठीची सड आणखी वाढवतं. एकदा सुरू झालं की स्वतःच्या जोरावर चालतं. म्हणून हवाबंद डबा इथे सगळ्यांत वाईट. सेलोटेप लावलेल्या वर्षी गंज वाढला तो त्यामुळे. तेलाचा पातळ थर पाण्याला थोपवतो, सतत येत राहणाऱ्या आम्लाच्या वाफेला फार काळ नाही. व्हीसीआय कागदाचंही तेच. तो ओलाव्याविरुद्ध बनवलेला, घरातल्याच शत्रूविरुद्ध नाही.

अर्धपारदर्शक, कासवी किंवा मधाळ रंगाच्या मुठी यात जास्त सापडतात. पांढऱ्या, हस्तिदंती दिसणाऱ्या मुठी बऱ्याचदा टिकतात, कारण पांढरेपणासाठी घातलेलं झिंक ऑक्साइड सुटणारं आम्ल मारतं. काळी चकचकीत मूठ दिसली तर ती कडक रबराची नाही ना हे बघावं. त्यातलं गंधक जुनं झालं की वेगळाच उपद्रव करतं. काकांची काळी मूठ शिंगाचीच होती, प्रकाशात धरल्यावर तंतू दिसले.

खात्री करायची एक पद्धत पुस्तकांतून सांगतात : तापलेली सुई टोचून कापराचा वास घ्यायचा. करू नका. ज्या पदार्थाने गोदामं जाळली त्याला तापलेली सुई लावायची गरज नाही. मी शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून निळा लिटमस कागद आणला, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून एक तुकडा सोलिंगेनच्या मुठीपाशी डब्यात ठेवला आणि तसाच दुसरा, तसल्याच रिकाम्या डब्यात. सकाळी पहिला लाल, दुसरा निळा. मुठीच्या पितळी खिळ्यांवर हिरवी पावडर होतीच. ती तर पहिल्याच दिवशी दिसायला हवी अशी खूण.

निदान झालं, आता उपाय. मूठ काढावी लागेल म्हटल्यावर काका गप्प झाले. "आजोबांचा हात त्या मुठीला लागलाय, पात्याला नाही," ते म्हणाले. हे म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. पण मूठ ठेवली तर पातं जाणार, आणि मूठही फार दिवसांची सोबती नव्हती. खिळ्यापाशी बारीक चौकोनी तडे गेले होते. शेवटी ठरलं ते असं : मूठ टाकायची नाही, पात्यापासून वेगळी करायची.

खिळ्याचं डोकं कानशीने घासून खिळा मागून दाबून काढला. ड्रिल वापरलं नाही. ड्रिल तापतं, आणि तापलेलं काहीही सेल्युलॉइडजवळ नको. पातं मोकळं झाल्यावर आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं, म्हणजे उरलंसुरलं आम्ल मरतं, मग डिस्टिल्ड पाणी, मग स्पिरिट, आणि लगेच कोरडं. गंज काढताना लोक पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश घेऊन तुटून पडतात. त्याने गंजाबरोबर पात्याचा पोतही जातो. तेलात बुडवलेली सर्वांत बारीक स्टील वूल, हलका हात आणि वेळ, एवढं पुरतं. बफिंगच्या चाकाला लावलं तर पातळ धार क्षणात तापून निळी पडते आणि तिचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं. मग ती कितीही परजा, टिकत नाही. पात्यावर सोनेरी मुलाम्यात कोरलेली वेलबुट्टी होती. तिला मी हात लावला नाही. तो मुलामा इतका पातळ असतो की ब्रासोच्या एका हाताने पुसला जातो.

तांबूस गंज गेला, खाली काळे ठिपके राहिले. ते ठिपके म्हणजे खड्डे. पात्याच्या मधल्या भागातले खड्डे तसेच ठेवले, निरुपद्रवी असतात. धारेवरचे मात्र काढावेच लागतात, नाहीतर परजताना धार तिथेच तुटते आणि दाढीत ओरखडा. भिंगाखाली कड अक्षरशः कुरतडलेली दिसत होती. एक हजारच्या दगडावर सगळे खड्डे ओलांडेपर्यंत झिजवली, मग चार, आठ, बारा हजार (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). पात्याची रुंदी थोडी गेली, पण धार सरळ आली आणि मनगटावरचे केस उडवू लागली.

नवी मूठ कशाची करायची यावर काकांशी बरीच चर्चा झाली. त्यांना सागवान हवं होतं. लाकूड सुंदर दिसतं, पण काही लाकडांतूनही आम्लाची वाफ सुटते. ओकच्या पेटीत ठेवलेले धातू खराब होतात हे संग्रहालयवाल्यांना चांगलं माहीत असतं. सागाची मला शंभर टक्के खात्री देता येईना, आणि एकदा पोळलेल्या पात्यावर प्रयोग नको. म्हणून पाट्या बनवणाऱ्याकडून काळ्या ॲक्रिलिकचे तीन मिलिमीटर जाडीचे तुकडे आणले. ॲक्रिलिकमधून काही सुटत नाही, ओल धरत नाही, आणि तुकडे जवळजवळ फुकट मिळतात. काका अजून त्याला नेमप्लेटची मूठ म्हणतात.

शिंगाच्या वस्तऱ्याला फार काही करावं लागलं नाही. गंज वरवरचा होता, शेजाराने आलेला. शेजारी गेला, प्रश्न मिटला.

ठेवणीची पद्धत बदलली ती अशी. पत्र्याचा डबा बाद. त्याच्या आतल्या रंगालाही आम्लाने फोड आणले होते. दोन्ही वस्तरे आता वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत, ओल्या भिंतीपासून दूर, खोलीच्या आतल्या बाजूच्या लाकडी कपाटात. पात्यांना व्हॅसलीनचा इतका पातळ हात की बोट फिरवलं तर जाणवावं, दिसू नये. फ्लॅनेलऐवजी पुतण्याचा व्हीसीआय कागद. आता घरातला शत्रू गेल्यावर तो आपलं काम करतो. चामड्याच्या म्यानात ठेवायचं नाही, हेही सांगून ठेवलं, कारण मुलाने वाढदिवसाला तसं म्यान आणून दिलं होतं. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं धातूला सोसत नाहीत. म्यान प्रवासाला घ्यावं, मुक्कामाला नाही. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकदा उघडून बघणं हे आलंच.

एक पावसाळा गेला. दोन्ही पाती जशीच्या तशी आहेत, आणि डब्यात टाकलेला लिटमसचा तुकडा निळाच राहिला. खंडेनवमीला कुंकू पात्याऐवजी मुठीला लावायचं असं ठरलं. काकूंना ते पूर्ण पटलेलं नाही, म्हणून आरती झाल्यावर काका हळूच पातं पुसून घेतात.

जुनी मूठ एका साध्या कागदी पाकिटात, वरच्या फळीवर, हवेशीर जागी आहे. देवघरापासून, समईपासून आणि गॅसपासून लांब. पाकिटाजवळ कुठलीही धातूची वस्तू ठेवलेली नाही. चिकट घाम सुटला किंवा पावडर होऊ लागली तर ती घरात ठेवू नका, असं काकांना सांगितलं आहे, आणि त्यांनी ते मानलं आहे, निदान तोंडावर तरी.

परवा काकूंचा फोन आला. त्यांच्या आईची कासवी रंगाची फणी चांदीच्या करंड्याबरोबर एकाच डब्यात आहे आणि करंडा काळा पडत चाललाय, चिंचेने घासला तरी परत काळा होतो. चांदी काळी पडते ती बहुतेकदा गंधकाने, त्यामुळे फणीवर लगेच आळ घेता येत नाही. आधी दोन्ही वस्तू वेगळ्या करा, डबा उघडा ठेवा आणि वास कसा येतो ते सांगा, असं कळवलं आहे. लिटमस कागद माझ्याकडे उरलेला आहेच.